वाचकांचे प्रश्न : थेटराच्या केबिनमधून

मागच्या अंकात मी परळ-लालबागच्या थेटरांवर दोन पानं लिहिली होती. माझे वडील, आम्ही त्यांना तात्या म्हणायचो, त्या भागातल्या एका थेटरात पिक्चरचं मशीन चालवणारे ऑपरेटर होते आणि त्यांचा डबा वरच्या केबिनमध्ये पोचवायचं काम माझ्याकडे होतं, एवढं त्यात आलं होतं. त्यावर पत्रांचा चांगलाच गठ्ठा जमला. ज्यांच्या प्रश्नांत इतरांचेही प्रश्न येऊन जातात, अशी काही पत्रं इथे घेतली आहेत.

प्रश्न : माझे आजोबा सांगायचे की पिक्चरची रिळं सायकलवरून एका थेटरातून दुसऱ्या थेटरात जायची आणि दोन्हीकडे एकच पिक्चर चालू असायचं. घरात कुणाचा विश्वास बसत नाही. असं खरंच होतं का? (एक वाचक, कल्याण)

होतं. आजोबांनी एका अक्षराचीही भर घातलेली नाही.

पिक्चरची प्रिंट काढायला वितरकाला भरपूर पैसे पडायचे, म्हणून जवळपासच्या दोन थेटरांत मिळून एकच प्रिंट चालवली जायची. हे जमायचं, कारण पिक्चर काही एका सलग गुंडाळीत येत नसे. 35 मिलिमीटरची फिल्म 1000 फुटांच्या रिळांत यायची. सेकंदाला 24 चित्रं, म्हणजे मिनिटाला 90 फूट फिल्म मशीनमधून सरकते. तेव्हा एक रीळ साधारण 11 मिनिटांचं झालं. तीन तासांच्या हिंदी पिक्चरची 16-17 रिळं व्हायची. ऑपरेटर दोन-दोन रिळं जोडून मोठ्या स्पूलवर चढवायचे. आमच्याकडे खेळ तीनला सुरू झाला आणि पलीकडच्या थेटरात पावणेचारला, तर आमची उतरलेली रिळं उलटी गुंडाळून, पत्र्याच्या डब्यात घालून तिकडे पोचवायला वेळ पुरायचा. मग दिवसभर तो सायकलवाला दोन थेटरांमध्ये ये-जा करत असे.

पावसाळ्यात मात्र सगळ्यांचा जीव टांगणीला. हिंदमाताला पाणी तुंबतं हे मुंबईकराला सांगायला नको, तेव्हाही तुंबायचं. सायकल चालेनाशी झाली की तो माणूस ती तिथेच कुणाच्या तरी दुकानापाशी लावून, डबे डोक्यावर घेऊन पाण्यातून चालत यायचा. एकदा जुलैमध्ये इंटरव्हल संपली आणि पुढचं रीळ आलंच नाही. तात्यांनी स्लाइडा लावल्या. साडीचं दुकान, दंतमंजन, 'कृपया धूम्रपान करू नये', आणि पुन्हा साडीचं दुकान. खाली स्टॉलमध्ये, म्हणजे स्वस्तातल्या खुर्च्यांत, आधी शिट्ट्या, मग पाय आपटणं सुरू झालं. मॅनेजर दोनदा वर येऊन गेले. मी तात्यांचा जेवणाचा डबा घेऊन आले होते, कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून होते. शेवटी जिन्यावर पावलं वाजली आणि तो माणूस नखशिखांत भिजलेला दारात उभा राहिला. तात्या त्याला काही बोलले नाहीत. त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला आणि डबे एकेक करून पुसले, कडेच्या खाचेतून बोट फिरवून पुसले, स्वतःचे हात पुसले, आणि मगच झाकण उघडलं. फिल्मवर जो चित्राचा थर असतो तो जिलेटिनचा. त्यावर पाण्याचा थेंब पडला की डाग कायमचा, आणि पुढे ती प्रिंट जिथे जिथे जाईल तिथे तिथे तो डाग पडद्यावर दिसणार. खाली आठशे माणसं ओरडत असताना माणूस इतक्या सावकाशीने डबा पुसतो, हे मी त्या दिवशी पाहिलं. तात्यांच्या कामाबद्दल मला जो आदर आहे तो तिथून आहे.

त्याच पत्रात विचारलंय की रीळ बदलताना पिक्चर थांबत कसं नसे. केबिनमध्ये मशीनं दोन असायची. एकावर पिक्चर चालू, दुसऱ्यावर पुढचं रीळ लावून तयार. रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात क्षणभर एक गोल ठिपका दिसायचा. तो दिसला की दुसऱ्या मशीनची मोटर सुरू करायची. सातेक सेकंदांनी दुसरा ठिपका, त्याला एका मशीनचं झडप बंद आणि दुसऱ्याचं उघडं. प्रेक्षकांतल्या शंभरांतल्या एकालाही तो ठिपका दिसत नसे. मला अजून दिसतो. जुनं पिक्चर टीव्हीवर लागलं आणि तो ठिपका चमकला की माझा हात आपोआप उचलला जातो.

उजेडासाठी दिवा नव्हता, कार्बनच्या कांड्या होत्या. दोन कांड्यांची टोकं जवळ आणली की मध्ये ठिणगीचा झोत पेटायचा आणि मागच्या आरशातून तो फिल्मवर यायचा. कांड्या जळून आखूड होत जायच्या, म्हणून अंतर सतत सांभाळावं लागे, नाहीतर पडदा पिवळा पडायचा. झोताकडे काळ्या काचेतूनच पाहायचं, ही तात्यांची सक्त ताकीद होती. पुढे झेनॉनचे दिवे आले आणि कार्बनचा धूर गेला. उरलेली थोटकं मी घरी न्यायचे. चाळीच्या फरशीवर लंगडीची घरं आखायला त्यांच्यासारखं दुसरं काही नव्हतं.

प्रश्न : आमचे वडील गिरणीत होते. पाळ्या बदलत असूनही त्यांचं एक पिक्चर चुकत नसे. आईला मात्र ते कधी नेत नसत, ती चाळीतल्या बायकांबरोबर जायची. सगळ्याच घरांत असं होतं का? (एक वाचक, चिंचपोकळी)

बहुतेक घरांत. आणि यात तुमच्या वडिलांना फार दोष देऊ नका, आईलाही ते फारसं खटकलं नसावं. का, ते सांगते.

गिरणीची पहिली पाळी सकाळी सातला लागायची आणि साडेतीनला सुटायची. दुसरी साडेतीन ते रात्री बारा, मग रात्रपाळी. थेटरात खेळ बारा, तीन, सहा आणि नऊचे. पहिल्या पाळीचा माणूस घरी येऊन, अंघोळ करून सहाच्या खेळाला निवांत पोचतो. दुसऱ्या पाळीचा माणूस बाराचा खेळ पाहून तिथूनच गिरणीत जातो. रात्रपाळीवाला झोप झाली की तीनला येतो. भारतमाता थेटर तर इंडिया युनायटेड मिल नंबर 1 च्या जागेतच आहे, गिरणीच्या भिंतीला भिंत लागून. आणि नऊचा खेळ सुटायचा त्याच सुमाराला दुसरी पाळी सुटायची. रात्री बाराला परळच्या नाक्यावर जत्रेसारखी गर्दी असायची, चहावाल्यांची खरी कमाई तेव्हाच. गिरणगावात थेटरं एवढी का चालली याचं उत्तर या घड्याळात आहे. माणसं तीन पाळ्यांत जगत होती, त्यामुळे बाराचा खेळही भरायचा आणि नऊचाही.

आता बायकांचं. नवराबायकोने जोडीने जायचं म्हणजे पोरांना कुणाकडे तरी ठेवा, सासूसासऱ्यांची परवानगी काढा, आणि वर दोन तिकिटं बाल्कनीची काढा, कारण बायकोला घेऊन स्टॉलमध्ये बसणं बरं दिसत नसे. त्यापेक्षा बायका-बायकांनी दुपारी जाणं सोपं. आमच्या मजल्यावर एका काकूंकडे पैसे जमा व्हायचे. त्या सकाळीच बुकिंगला जायच्या. बायकांची रांग वेगळी आणि आखूड असल्यामुळे पुरुषांच्या कितीतरी आधी त्या तिकिटं घेऊन परत यायच्या. मग शेजारचे पुरुषही हळूच त्यांच्या हातात पैसे देऊन 'वहिनी, आमची पण दोन' म्हणायचे. दुपारी स्वयंपाक आवरून सगळ्या निघायच्या, पिशवीत शेंगदाणे, तिखटमिठाच्या पुऱ्या, पाण्याची बाटली, मांडीवर तान्ही पोरं. पडद्यावरच्या सासूने सुनेला छळलं की आमच्या रांगेतून मोठ्याने शिव्या जायच्या. रडूही मोकळेपणाने यायचं.

माझी आई फार बोलणारी नव्हती. तिला एकदा विचारलं, तुला पिक्चरमधलं सगळ्यात काय आवडतं. ती म्हणाली, तीन तास कुणी पाणी मागत नाही. दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसं, त्यात तिला टेकायला भिंतसुद्धा मोकळी मिळत नसे. थेटरातली ती लाकडी खुर्ची तिच्या एकटीची होती. तुमच्या आईंना हेच विचारून पाहा, नवऱ्याने नेलं नाही यापेक्षा त्या दुपारच्या बायका त्यांना जास्त आठवत असतील.

18 जानेवारी 1982 ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. लाखांवर कामगार घरी बसले. पहिले काही आठवडे थेटरात गर्दी उलट वाढली, माणसांना वेळच वेळ होता. मग बायकांचे पैसे जमा होणं थांबलं, आणि त्यानंतर स्टॉलच्या पुढच्या रांगा रिकाम्या दिसू लागल्या. तात्या केबिनच्या झरोक्यातून खाली बघायचे आणि संध्याकाळी घरी येऊन आकडा नाही, रांगा सांगायचे: आज पाचव्या रांगेपर्यंत कुणी नव्हतं.

प्रश्न : जुन्या थेटरांचं इतकं कौतुक का? ढेकूण, कोंदट हवा, घाणेरड्या मुताऱ्या, ब्लॅकवाले, अंधारात बायकांना होणारा त्रास. मॉलमधली थेटरं शंभर पटीने बरी. (एक वाचक, मुलुंड)

तुमची यादी खरी आहे. ढेकणांपायी मी उन्हाळ्यातसुद्धा पूर्ण बाह्यांचा फ्रॉक घालून जायचे. दारातला ब्लॅकवाला 'पाँच का दस' पुटपुटत फिरायचा आणि खिडकीवर हाऊसफुलची पाटी लागायची, हे सगळ्यांनी पाहिलंय. अंधारातल्या हाताचा अनुभव माझ्या पिढीतल्या बहुतेक बायकांना आहे. आम्ही कडेच्या खुर्चीवर कधी बसायचो नाही, पोरीला मध्ये आणि थोरल्या बाईला कडेला, हा शिरस्ताच होता. तो त्रास गेला तर आनंदच आहे, त्याची आठवण काढून कुणी उसासे टाकू नयेत.

मी कौतुक करते ते वेगळ्या गोष्टीचं. त्या थेटरात गल्लीतला हमाल, शाळेतले मास्तर आणि कोपऱ्यावरचा वाणी एकाच छताखाली एकाच विनोदाला हसायचे. तिकिटाच्या दरामुळे बसायचे वेगळे, खाली स्टॉल, मध्ये अप्पर, वर बाल्कनी, पण हसू एकत्र यायचं. आज तिकिटाचा आणि पॉपकॉर्नचा भाव पाहिला की त्या हमालाला दारातूनच परत जावं लागतं. आणि दुसरं असं की ती पिक्चरं आज तुमच्या फोनवर आहेत, हवी तेव्हा बघा. थेटर मात्र एकदा पडलं की कुठेच नसतं. कुठल्या दारातून आत जायचं, बाल्कनीचा जिना कसा वळायचा, पडद्याला कोणत्या रंगाची झालर होती, घंटा कशी वाजायची, हे फक्त जाऊन आलेल्यांच्या डोक्यात आहे. म्हणून मी प्रत्येकाला लिहायला सांगते, आणि ढेकणांसकट लिहायला सांगते.

प्रश्न : पहिला बोलपट गिरगावात लागला असं वाचलं. ते थेटर कुठे आहे? (एक विद्यार्थिनी, डोंबिवली)

मॅजेस्टिक. 14 मार्च 1931 ला 'आलम आरा' तिथे लागला. ती इमारत आता नाही, त्या जागी मॅजेस्टिक शॉपिंग सेंटर आहे. त्याच्याही आधी, 3 मे 1913 ला, दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' गिरगावातल्याच कॉरोनेशनमध्ये लागला होता. तेही थेटर गेलं. आणि 1936 चा 'संत तुकाराम' गिरगावच्या सेंट्रलमध्ये वर्षाहून जास्त चालला. चर्नी रोडला उतरून एका संध्याकाळी हा सगळा भाग पायी फिरता येतो, मैत्रिणींना घेऊन जा.

प्रश्न : पिक्चरच्या आधी काळ्यापांढऱ्या बातम्या का दाखवत? आम्ही मुलं कंटाळायचो. (एक वाचक, विलेपार्ले)

त्या दाखवणं थेटरांना सक्तीचं होतं, परवान्याची अटच होती. 1948 साली सरकारने फिल्म्स डिव्हिजन काढलं आणि तिथून बातमीपट आणि माहितीपट देशभर जायचे. धरणं, पूर, पंतप्रधानांचे दौरे, क्रिकेट. टीव्ही नव्हता, मुंबई दूरदर्शनच 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालं, त्यामुळे हलत्या चित्रांतला आपला देश बहुतेकांनी पहिल्यांदा तिथे पाहिला. माझ्या आजीने आयुष्यात बर्फ पाहिलं ते फक्त बातमीपटात. पेडर रोडला फिल्म्स डिव्हिजनच्या आवारात गुलशन महालात 2019 पासून भारतीय सिनेमाचं राष्ट्रीय संग्रहालय आहे, नातवंडांना तिथे दाखवा.

प्रश्न : माझी आजी दादरला वाढली, आता आमच्याकडे ठाण्यात असते. वय 78. मॉलमध्ये पिक्चर दाखवलं तर म्हणाली, 'हे काही थेटर नव्हे.' तिला जुन्या पद्धतीचं थेटर कुठे दाखवता येईल? (एक वाचक, ठाणे)

दादरची असतील तर आधी प्लाझा. व्ही. शांतारामांचं थेटर, मराठी पिक्चरचं माहेरघर. 12 मार्च 1993 च्या बॉम्बस्फोटांत तिथेही स्फोट झाला, माणसं गेली, आणि तरी ते पुन्हा उभं राहिलं. आजींना हे माहीत असेलच, त्या दिवशी दादरमधला प्रत्येकजण आपली माणसं मोजत होता. कोहिनूर आणि चित्राबद्दल त्या नक्की विचारतील. कोहिनूरच्या जागी मॉल झाला आणि चित्रा 2019 मध्ये बंद झालं, हे घरूनच सांगून ठेवा, रस्त्यात अचानक कळायला नको.

दुसरा पर्याय मुंबई सेंट्रलचं मराठा मंदिर. 1958 चं थेटर. तिथे ऑक्टोबर 1995 मध्ये लागलेलं एक पिक्चर वर्षानुवर्षं दुपारच्या आधीच्या खेळाला चालत आलंय, तिकीटही परवडणारं. फक्त पिक्चर त्यांच्या आवडीचं आहे का ते बघा. कुलाब्याचं रीगल 1933 चं आहे, पण दादरच्या मुलीला ते परकं वाटण्याची शक्यता आहे. आमच्या वेळी रीगल म्हणजे इंग्रजी पिक्चर आणि तिथे जायचं म्हणजे इस्त्रीचे कपडे.

जाण्याआधी फोन करून खेळ आहे ना याची खात्री करा, माणसं कमी असली की खेळ रद्द होतात. बाल्कनीला सहसा जिनाच असतो, म्हणून गुडघे दुखत असतील तर खालची तिकिटं काढा, आणि आत शिरताना दरवाज्याजवळची, कडेची खुर्ची घ्या. मधल्या वारी जा. टॅक्सी थेट दारात नेऊ नका. थोडं अलीकडे उतरा, आजींना चालवेल तेवढं चालू द्या आणि कुठून वळायचं ते त्यांना सांगू द्या. मॉलमधलं थेटर त्यांना थेटर का वाटलं नाही याचं कारण मला तरी हेच वाटतं की तिथे दारातून बाहेर पडलं की रस्ता लागत नाही. आमच्या वेळी पिक्चर सुटलं की आपण थेट गर्दीत, ट्रामच्या नाहीतर बसच्या आवाजात, उजेडाला डोळे मिचकावत उभे असायचो, आणि निम्मी चर्चा घरी पोचेपर्यंत चालायची. इंटरव्हलला समोसा खाल्ला पाहिजे, डॉक्टर काही म्हणोत.

प्रश्न : आई वारल्यावर तिच्या ट्रंकेत गाण्यांची पुस्तकं सापडली, पंचवीस-तीस असतील. काही फाटली आहेत. मावशी म्हणते यातली निम्मी तिने आणि आईने मिळून घेतली. रद्दीत घालवत नाही. काय करू? (एक वाचक, गोरेगाव)

रद्दीत अजिबात घालू नका. थेटराच्या दारात काही पैशांना मिळणारी ही पुस्तकं फार थोड्यांनी जपली. कितीतरी जुन्या पिक्चरांच्या फिल्मा नष्ट झाल्यात आणि त्यांच्याबद्दल जे कळतं ते या चार-आठ पानांवरून: नटांची नावं, गाणी, थोडक्यात कथानक.

फाटलेल्या पानांना सेलोटेप लावू नका, दोन-चार वर्षांत तिचा गोंद पिवळा होऊन कागदात उतरतो. लॅमिनेशन तर मुळीच नको, ते पुन्हा काढता येत नाही. जुन्या टाचण्या आणि पिना गंजल्या असतील तर हलक्या हाताने सोडवा. प्रत्येक पुस्तक वेगळ्या पांढऱ्या कागदात ठेवा, वर्तमानपत्रात नको, आणि कपाटाच्या वरच्या कप्प्यात आडवी ठेवा. मुंबईच्या पावसाळ्यात खालचा कप्पा आणि बाहेरची भिंत या दोन जागा कागदाच्या वैरी आहेत.

पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, 1964 साली स्थापन झालेलं. ते अशी पुस्तकं, पोस्टरं, फोटो सांभाळतात. घरात ठेवणं जमणार नसेल तर आधी त्यांना यादी पाठवा. देण्यापूर्वी प्रत्येक पानाचा दिवसाच्या उजेडात फोटो काढून ठेवा. आणि मावशी आहेत तोवर एक दुपार त्यांच्याजवळ ती सगळी पुस्तकं घेऊन बसा. कोणतं पुस्तक कुठल्या थेटराच्या दारात घेतलं, बरोबर कोण होतं, हे त्या सांगतील तसं पेन्सिलीने वेगळ्या कागदावर लिहा आणि तो कागद त्या पुस्तकात ठेवा.